गल्लीचा फोन

दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या, डबे उघडे होते आणि दोघींनी आपापल्या फोनला एकच गोष्ट विचारली होती : दोन खोल्यांचं घर, भाड्याने, पश्चिम नागपूर. कल्याणीच्या फोनवर घरांची रांग लागली. एकाच्या खिडकीतून गुलमोहर दिसत होता, एक शाळेला लागून होतं, एका घराच्या मालकीणबाई तर स्वतः हसून सांगत होत्या की नळाचं पाणी कधी जात नाही. उत्पलाच्या फोनवर तिच्याच गल्लीच्या मागची एक खोली आली. तिच्याखाली डायलिसिसवर सवलत, त्याखाली जामीन मिळवून देणारा वकील आणि त्याखाली दारू सोडवण्याचं औषध, घरच्यांनी गुपचूप चहात घालायचं.

“अगं, तू काहीतरी चुकीचं दाबलं असशील,” कल्याणी म्हणाली आणि उत्पलाचा फोन आपल्या हातात घेऊन तिनेच पुन्हा विचारलं. फोनने उत्पलाचा चेहरा पाहिला आणि पुन्हा तीच खोली, तोच वकील आणला. भल्या घरचं माणूस असं कोंडीत सापडलं की जेवणाकडे बघायला लागतं, तशी कल्याणी पोळीवर लोणच्याची फोड उगाच फिरवत बसली.

दोघी एकाच एक्स-रे केंद्रात तंत्रज्ञ होत्या. उत्पला गजभिये कल्याणीइतकीच शिकलेली, तिच्याइतकाच पगार घेणारी. नवरा प्रसेनजित मेट्रोच्या दुरुस्ती विभागात कायम नोकरीत. भाडं परवडण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न हवेचा होता. त्यांची गल्ली होती सिद्धार्थ लेआउटमध्ये आणि तिच्या पाठीशीच शहराचा कचरा जाळून वीज करणारा कारखाना उभा राहिला होता. उत्तरेचा वारा सुटला की दोरीवरचे कपडे करडे व्हायचे आणि मैत्री, त्यांची आठ वर्षांची पोर, उशी छातीशी धरून बसून झोपायची. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि कागद देताना म्हणाले, “खरं औषध मात्र मी देऊ शकत नाही. घर बदला.” म्हणून घर शोधणं चाललं होतं.

जुने दिवस आठवत असतील त्यांना आठवेल, पूर्वी फाटकावर पाटी लागायची : जागा भाड्याने देणे आहे. ती कुणीही वाचावी. वाचून आत गेलं की काका बसायला सांगायचे, आडनाव विचारायचे आणि मग त्यांना अचानक आठवायचं की जागा कालच दिली. ते खोटं असायचं, पण निदान तोंडावर असायचं. त्या खोट्याचा राग येत असे, भांडता येत असे, कुणी हिंमतीचा असेल तर तक्रारही करता येत असे. मग ‘सांगड’ आली आणि पाट्या गेल्या. घर असो की नोकरी, मालकाने सांगडला सांगायचं आणि सांगडने योग्य माणसाला दाखवायचं. वेळ वाचला, दलाल बुडाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जात, धर्म, बाई की पुरुष, हे विचारायला सांगडला कायद्याने बंदी होती आणि सांगड ते खरोखरच विचारत नव्हती. मालकाला ती एवढंच विचारी : आजवरचे तुमचे आवडते भाडेकरू कोण? मग त्या भाडेकरूंच्या जगण्यातल्या बारीकसारीक खुणा ती गोळा करी. किराणा कुठून येतो, सुट्या कोणत्या सणाला पडतात, कुणाशी किती वेळ बोलणं होतं, कोणत्या दवाखान्यात जाणं होतं, सकाळी दिवा कधी लागतो. अशा हजारो खुणा मिळून एका माणसाचा एक ठिपका होई. सारखं जगणाऱ्यांचे ठिपके शेजारी शेजारी पडत, वेगळं जगणाऱ्यांचे लांब. मालकाच्या आवडत्या ठिपक्यांभोवती सांगड एक वर्तुळ काढी आणि वर्तुळातल्यांना घर दाखवी. बाहेरच्यांना नकार द्यायची वेळच येत नसे, कारण घर रिकामं आहे हेच त्यांना कळत नसे. जात म्हणजे काय हे त्या यंत्राला ठाऊक नव्हतं. कोण कुणासारखं जगतं एवढंच त्याला कळे, आणि आपल्या देशात तेवढं कळलं की बाकीचं विचारावं लागत नाही.

त्यात उत्पलाचा ठिपका तिच्या एकटीचा नव्हताच. गल्लीत सर्वांत आधी शिकली ती, त्यामुळे शाळेत असल्यापासून तिच्या हाती सगळ्यांची कामं. दवाखान्याचा नंबर लावायचा, उत्पला. म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला, म्हणजे फोनसमोर डोळे मिचकावून आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवायचं, तेही उत्पलाच्या दारात ओळीने बसून. कुणाचा मुलगा चौकीत बसवला, वकील शोध. कुणाचा नवरा पिऊन पडतो, औषध बघ. प्रत्येकाकडे फोन होता, पण विश्वास हिच्या फोनवर. ‘गल्लीचा फोन’ असंच म्हणायचे त्याला. या सगळ्यात तिला कधी काही वावगं वाटलं नाही. उलट अभिमान होता. यंत्राने मात्र एवढंच पाहिलं की या बाईला मूत्रपिंडाचा आजार आहे, क्षय आहे, दारूचं व्यसन आहे, पोलिसांचा ससेमिरा आहे आणि ती महिन्यातून कितीदा तरी म्हातारी होते.

कल्याणीने दाखवलेल्या गुलमोहराच्या घराचा पत्ता उत्पलाने लक्षात ठेवला आणि रविवारी प्रसेनजितला घेऊन सरळ जाऊन धडकली. मालक दिवाकरराव, निवृत्त प्राध्यापक, फारच सज्जन. त्यांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं, आडनाव ऐकून चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलवली नाही.

“तुम्हाला घर द्यायला मला आनंदच आहे,” ते म्हणाले. “आमच्या घरात जातपात कधी मानली नाही. पण आता व्यवहार सगळा सांगडवरून होतो ना. करार तीच करते, विमा तीच उतरवते. तुमच्या फोनवर घर आलं की होकार दाबा, मी इकडे दाबतो.”

“आमच्या फोनवर येत नाही, सर.”

“येईल, येईल. बघत राहा.” त्यांनी खरोखर कळकळीने सांगितलं.

“सर, तुम्हीच एकदा सांगडला सांगा ना, या दोघांना दाखव म्हणून,” प्रसेनजित म्हणाला.

“तसं नाव घेऊन सांगता येत नाही हो. पक्षपात होतो म्हणून कायद्यानेच बंद केलंय.” आणि या वाक्यात काही विनोद आहे हे त्या सज्जन माणसाच्या ध्यानातही आलं नाही. त्याने दोघांना फाटकापर्यंत सोडलं आणि जपून जा म्हणून सांगितलं.

परतताना मेट्रोतून उतरल्यावर प्रसेनजित म्हणाला, “शिवी दिली असती ना त्यानं, तर बरं झालं असतं.”

मग अमोल मेश्राम नावाच्या माणसाचा पत्ता लागला. धंद्याला नाव काही नव्हतं. काम ठिपक्यावरच्या खुणा पुसून द्यायचं, लोक त्याला ‘पुसणी’ म्हणत. धरमपेठेत एका दंतवैद्याच्या वर त्याची गार, पांढरी खोली होती. त्याने उत्पलाच्या संमतीने तिचा ठिपका भिंतीवर उघडला आणि पाहता पाहता हसायला लागला. हसण्यात कुचेष्टा नव्हती, म्हणून उत्पला जास्तच घाबरली.

“मॅडम, हा एका माणसाचा ठिपका नाही. हा मोहल्ला आहे.”

“मदत केली तर गुन्हा आहे का?”

“गुन्हा नाही. खूण आहे.” त्याने भिंतीवरचा एक जाडजूड धागा दाखवला. “ही कोण? रोज बोलणं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, फोटोत सगळीकडे ही.”

“फुलामावशी,” उत्पला म्हणाली. “आई गेली तेव्हा मी मैत्रीपेक्षा लहान होते. शेजारच्या पंचफुलामावशीनं वाढवलं मला. रक्ताची नाही, पण…”

“यंत्राला जात कळत नाही, मॅडम. मावशी कळते.” मेश्रामने धागा बंद केला. “आता नीट ऐका. ताजी खूण ठळक असते, जुनी हळूहळू फिकी पडते. दर थोड्या महिन्यांनी तिचं वजन निम्मं होतं, मग निम्म्याचं निम्मं. नवी खूण घातली नाहीत तर यंत्र आपसूक विसरतं. तुमचं काम एवढंच, नवी खूण घालायची नाही. गल्लीतल्या कुणाचं काम तुमच्या फोनवर नको. बोलणं नको, भेट नको. फोटो काढून टाका, बदल्यात मी तुम्हाला दुसऱ्या खुणा लावून देतो. कोणत्या दुकानात जायचं, कोणत्या बागेत फिरायचं.”

“फोन घरी ठेवून भेटायला गेले तर?”

“सिटी बस चेहरा ओळखते. मुलीच्या मनगटावर शाळेचं घड्याळ आहे. आणि फोन घरी ठेवून कोण जातं, हेही यंत्राला चांगलं ठाऊक आहे.” त्याने भिंतीवरचा दुसरा धागा उघडला. “दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाता?”

“सगळी गल्ली जाते,” प्रसेनजित म्हणाला.

“यंदा नका जाऊ.”

प्रसेनजित ताडकन उठला. “याच्यासाठी शिकलो का आम्ही? आजोबा पायी आले होते तिथं. तुम्ही मेश्राम, आपल्यातलेच ना हो? लाज नाही वाटत?”

“वाटते,” मेश्राम शांतपणे म्हणाला. “कितीतरी वर्षं मीही गेलो नाही. माझ्या घरातून झाडं दिसतात.” त्याने खिडकीकडे बोट केलं आणि हात लगेच मागे घेतला. “तुम्ही ठरवा. पोरीला दमा आहे म्हणालात म्हणून स्पष्ट बोललो.”

त्या आठवड्यात वारा उत्तरेचा होता. मैत्रीला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं, दुसऱ्या वेळी तिचे ओठ निळे पडले होते. वाद संपला.

फुलामावशीला सांगणं तेवढं राहिलं. मावशी शाळेच्या पोषण आहारात जन्मभर खिचडी शिजवून रिटायर झालेली, बोलणं तिखट, हातावर डायलिसिसच्या सुयांच्या गाठी. उत्पलाने चारचारदा शब्द जुळवले होते, तिच्यासमोर बसल्यावर त्यातला एक आठवेना. कसंबसं सगळं सांगितलं, ठिपके, वर्तुळ, धागा. मावशीला विज्ञान कळलं नाही, पण मतलब चटकन कळला.

“म्हंजे मी तुह्या आंगाले चिकटली आहो म्हणून तुले घर भेटून नाही राह्यलं.”

“मावशी, असं नको ना म्हणू.”

“मंग काय म्हणू व? खरं तेच म्हणून राह्यली.” ती भिंतीला टेकून बसली. “पोरीचा जीव वर-खाली होते, मले आयकू येते इथपर्यंत. रात-रात आयकतो मी. काढून टाक माहा थोबडा तुह्या फोनातून.”

“थोडे दिवसच. घर मिळालं, करार झाला, की मग…”

“करार दर साली होते ना?” मावशीने विचारलं.

करार दरवर्षी होतो, आणि दरवर्षी ठिपका तपासला जातो, हे उत्पलाला माहीत होतं. मावशीने ते बोलण्याच्या ओघात ओळखलं होतं.

“रडू नोको. माह्यासाठी गौतम आहे. त्याच्या फोनावर लावू नंबर.” गौतम गल्लीतलाच, ई-रिक्षा चालवायचा, मावशीला डायलिसिसला नेऊन सोडायचं काम तसंही त्याचंच होतं. “तू जाय. आन् मांगं पाहू नोको, काही शिजून नाही राह्यलं इथं.”

त्या संध्याकाळी उत्पलाने फोटो पुसले. बाळंतपणातले, मैत्रीला तेल लावतानाचे, दीक्षाभूमीवर निळी टोपी घालून मावशी आइस्क्रीम खाते आहे तो. यंत्र प्रत्येक वेळी विचारत होतं, नक्की ना? आणि ती प्रत्येक वेळी होय म्हणत होती. गल्लीला तिने सांगितलं, गौतमला पुन्हा पुन्हा बजावलं : काही लागलं तर मला फोन कर, कसाही असो, मी येईन. गौतम म्हणाला, “करतो ना, ताई. तुमी नोका फिकर करू.”

ठिपका सरकायला लागला. आधी वकील गेला, मग दारूचं औषध गेलं. मग एके दिवशी तिच्या फोनवर सोलर कुकरची जाहिरात आली आणि ती डबा खाताना कल्याणीला दाखवून हसली. उन्हाळ्याच्या तोंडावर घर आलं. अंबाझरीच्या बाजूला, दुसरा मजला, समोर कडुनिंब. होकार दाबला, पलीकडून होकार आला, झालंसुद्धा. कुणी आडनावाबद्दल चकार शब्द काढला नाही.

मैत्री आडवी झोपायला लागली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. तीन वर्षांत पहिल्यांदा पोर पाठीवर, हात पसरून झोपली आणि नवरा-बायको दाराशी उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. त्या क्षणी कुणी उत्पलाला विचारलं असतं, पुन्हा असंच करशील का, तर तिने मागचापुढचा विचार न करता हो म्हटलं असतं.

गल्लीची आठवण यायची. सुरुवातीला रोज यायची. मग कामाच्या गडबडीत येईनाशी झाली. खरं सांगायचं तर तिला हलकंही वाटत होतं. दारात कुणी ओळीने बसत नव्हतं, संध्याकाळ आपली होती, आणि या हलकेपणाची तिला जेवढी शरम वाटायला हवी होती तेवढी वाटत नव्हती. गौतमचा फोन आला नाही, म्हणजे सगळं बरं चाललं असणार, असं ती स्वतःला सांगायची. प्रसेनजितलाही तेच सांगायची. दसऱ्याला तो दिवसभर कडुनिंबाकडे तोंड करून बसला होता.

मग एका दुपारी केंद्राच्या पहारेकऱ्याने आत येऊन सांगितलं की बाहेर एक रिक्षावाला तुम्हालाच भेटायचं म्हणतो, हलत नाही. उत्पला बाहेर आली. गौतम उन्हात उभा होता. नेहमी ताई म्हणणारा माणूस, त्याने हाकसुद्धा मारली नाही.

“मावशी गेली,” तो म्हणाला. “परवा.”

“परवा? आणि मला आज…? गौतम, मी सांगितलं होतं ना रे, फोन कर म्हणून!”

“फोन?” गौतमचा आवाज चढला. “किती करू? बोट दुखून आले माहे. दिवाळीपासून करून राह्यलो. मी केले, शांताकाकूनं केले, मावशीनं सोता केला. तुमी उचललाच नाही कधी. आमी म्हटलं, घर भेटलं, आता काहून उचलते.”

तिने फोन काढला. असंख्य ठकांचे फोन येतात म्हणून हल्ली सगळ्यांच्याच फोनमध्ये एक चाळणी असे; ज्यांच्याशी आपला संबंध उरलेला नाही असे फोन वाजूच द्यायचे नाहीत, एका कोपऱ्यात टाकून द्यायचे. त्या कोपऱ्यात ती आजवर कधी गेली नव्हती. आता गेली. गौतम, गौतम, शांताकाकू, गौतम. मधे मावशीचा आवाज साठवलेला होता. तिने तिथेच, उन्हात उभं राहून ऐकला.

“उत्पला, काही नाही व, सहज केला. पोरगी झोपते ना चांगली? बस. ठेवतो.”

यंत्राने घरं तिच्यापासून लपवली होती तेव्हा तिला राग आला होता. आता त्याच यंत्राने त्याच हिशेबाने माणसं लपवली होती, आणि तसं करायला तिनेच त्याला शिकवलं होतं.

“झालं काय पण तिला?” तिने विचारलं. “डायलिसिस चालू होतं ना?”

गौतमने मान फिरवली. “तुह्या फोनावरून नंबर लागे, ताई. माह्यावरून लागेच ना. तू शिकेल, पगारवाली, तू संग आहे म्हणून तिले जवळचा दवाखाना भेटे. माह्या फोनावर गेली तशी मशीन म्हणे, हा पेशंट भरवशाचा नाही. लांबचा नंबर, मंग आनखी लांबचा. मंग वेटिंग.” रागात तो ‘तुमी’वरून ‘तू’वर आला होता आणि आता पुन्हा सावरला. “चला लवकर. बॉडी देऊन नाही राह्यले ते आमाले. सगळी गल्ली उभी आहे तिथं.”

रिक्षात बसल्यावर तिने प्रसेनजितला फोन लावला. सगळं सांगितलं आणि म्हणाली, “मी जाते आहे. माझ्या नावावर ताब्यात घेणार आहे तिला. खूण पडेल, घर जाईल कदाचित.”

तो म्हणाला, “जाऊ दे गेलं तर. पोरीचं बघू काहीतरी. मी पण येतो.” तिला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दोघं एका बाजूला उभे होते.

सरकारी दवाखान्याच्या शवागाराबाहेर गल्ली जमली होती. शांताकाकूच्या हातात नवं पांढरं लुगडं होतं, कुणी फुलं, कुणी मेणबत्त्या आणल्या होत्या. उत्पला उतरली तशी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी जवळ घेतलं नाही, कुणी बोललंही नाही, पण वाट करून दिली. मावशीची जी काही होती ती हीच, हे सगळ्यांना मान्य होतं.

खिडकीपलीकडे एक तरुण मुलगी बसली होती, दमलेली पण बोलायला नरम. तिने नियम सांगितला. विम्यासाठी लोक बेवारस मृतदेहांचे वारस बनून यायला लागले, म्हणून सरकारने आता पक्कं केलं होतं : रक्ताचं कुणी असेल तर त्याला, नसेल तर हयातीत ज्याच्याशी सर्वांत जवळचा संबंध होता त्याला. संबंध यंत्र तपासणार. यंत्राने मान्य केला नाही तर महापालिकेची गाडी घेऊन जाणार, बाकी कुणाला तिथे येता येत नाही.

“हे भाऊ सकाळी येऊन गेले,” तिने गौतमकडे बोट केलं. “त्यांचा संबंध ‘वाहतूक’ एवढाच दिसतो. बाकीच्यांचा ‘शेजार’. तेवढा चालत नाही. तुमचं बघू. या काचेत पाहा आणि नातं सांगा.”

उत्पला काचेसमोर उभी राहिली. पदराने तोंड पुसलं. घर, करार, कडुनिंब, सगळं तिने त्या क्षणी मनातून सोडून दिलं होतं. आता घे सगळं परत, माझ्या ठिपक्यावर काय काय लिहायचं ते लिही, असं तिच्या मनात होतं.

“लेक,” ती म्हणाली.

काचेने थोडा वेळ घेतला. मग स्वच्छ, नम्र मराठीत उत्तर आलं, “उत्पला प्रसेनजित गजभिये. मृत व्यक्ती आणि आपण यांच्यात संबंध आढळत नाही.”

“पुन्हा बघा,” उत्पला म्हणाली. “जुनं बघा. माझ्या लग्नात कन्यादा… माझ्या लग्नात तीच होती आईच्या जागी. माझ्या फोनवरून वर्षानुवर्षं तिचं डायलिसिस झालं आहे.”

खिडकीतली मुलगी पडद्याकडे वाकली. तिने मनापासून शोधलं, हे उत्पलाला दिसत होतं. “फोन नाही, भेट नाही, व्यवहार नाही. अगदी जुनं काहीतरी अंधुक होतं, पण…” तिने शब्द शोधला, “ते तुमच्याच संमतीने काढलेलं दाखवतंय. एखादा फोटो तरी आहे का दोघींचा?”

“नाही,” उत्पला म्हणाली.

“आमी सांगून राह्यलो ना, बाई!” शांताकाकू पुढे घुसली. “हिले तिनं हातानं भरवलं आहे. आमच्या डोळ्यांदेखत. आमी एवढे जण काय खोटं बोलून राह्यलो?”

“मला ऐकू येतंय हो, काकू,” मुलगी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. “पण मी द्यायची म्हटलं तरी दार उघडत नाही. दार या यंत्राच्याच हातात आहे.”

“मी तिची लेक आहे,” उत्पला काचेला म्हणाली. मग ओरडून म्हणाली. मग काचेवर हात आपटत म्हणाली. काच तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबली.

“आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पुढचे कृपया.”

मागे रांग होती. कुणाचा बाप, कुणाची बायको आत होती. ते हळूच पुढे सरकले आणि उत्पलाला बाजूला व्हावं लागलं.

बाजूच्या फाटकातून महापालिकेची गाडी आत आली. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, इतकं लहान की उत्पलाला आधी कळलंच नाही, गाडीत चढवलं गेलं. मग ती धावली. शांताकाकूच्या हातातलं लुगडं तिने ओढून घेतलं होतं, ते निदान आत टाकावं म्हणून ती फाटकाच्या गजांतून हात घालत मावशी, मावशी म्हणून हाका मारत राहिली. गाडीवाल्याने इंजिन सुरू करता करता तिच्याकडे पाहिलं.

“कोण आहे ही बाई? घ्यायचं का कपडा?”

फाटकावरच्या पहारेकऱ्याने हातातल्या पडद्यावर नाव पाहिलं, उत्पलाचा चेहरा पाहिला, पुन्हा पडदा पाहिला.

“कोणी नाही,” तो म्हणाला. “चल.”